टीव्ही गेमची खंडेनवमी

अंबडच्या वर्कशॉपमधल्या लेथला हार घालून गोरक्ष घरी आला आणि हॉलच्या दारातच थबकला. पाटावर खंडेनवमीची नेहमीची मंडळी ओळीनं बसली होती: विळी, कात्री, मिक्सर, पाने-पकडीची पेटी. ओळीच्या शेवटी त्याचा टीव्ही गेम होता, आणि त्याच्यावर हळदकुंकू, अक्षता आणि झेंडूचं एक टपोरं फूल होतं.

लग्नाच्या अठरा वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं. दहावीच्या सुट्टीत मेनरोडवरून घेतलेला तो गेम गोरक्ष दर खंडेनवमीला गुपचूप पाटाच्या टोकाला नेऊन ठेवायचा, आणि त्याच्या बायकोची, प्रतिभाची, हळदकुंकवाची बोटं दरवर्षी अलीकडच्या वस्तूपाशीच थांबायची. पाटावर बसायचं तर काम करावं लागतं, असा तिचा नियम होता. गेमचं काम म्हणजे त्रेचाळीस वर्षांच्या माणसाला रविवारभर जमिनीवर मांडी घालून बसवणं आणि त्याच्याकडून ‘एवढी एकच लेव्हल’ असं वदवून घेणं. ते तिच्या लेखी काम नव्हतं.

यंदा तर गेमच्या गळ्याशी आलं होतं. दोन महिने तो टीव्हीवर नुसता निळा पडदा दाखवत होता. नवरात्राआधीच्या आवराआवरीत प्रतिभानं निकाल देऊन टाकला होता. नवमीला दहा वाजता भंगारवाला मोतीराम माल बघायला येणार. तोवर गेम तिच्या डोळ्यांदेखत एकदा चालला तर राहील, नाहीतर पोत्यात जाईल. म्हणून गोरक्षनं पहाटे उठून गेमच्या खाचेतल्या पट्ट्या स्पिरिटनं पुसल्या, कॅसेटचे दात खोडरबरनं घासले, आणि गेम चक्क सुरू झाला. दोन मिनिटं ती जुनी टुणटुण ऐकून त्यानं कॅसेट काढून ठेवली आणि छाती पुढे काढून वर्कशॉप गाठलं होतं.

“पहाटे ऐकलं मी,” प्रतिभा स्वयंपाकघरातून म्हणाली. “चालतंय म्हटल्यावर हत्यारच ते.”

गोरक्षला भरून आलं. लग्नातही त्याला इतकं भरून आलं नव्हतं. दहाला पाच मिनिटं होती. पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत चालवत नाहीत हे त्या आनंदात तो साफ विसरला. त्यानं फूल हळूच बाजूला केलं, लाल-पिवळ्या-पांढऱ्या वायरी टीव्हीला जोडल्या आणि कॅसेट खाचेत दाबली. आतून कर्र असा आवाज आला. पडदा निळाच राहिला.

त्यानं कॅसेट काढून फुंकली, पुन्हा लावली. पडदा निळाच. मग गेमच तोंडापाशी धरून खाचेत जोरात फुंकर मारली, तर हळदकुंकवाचा लोट त्याच्या नाकातोंडावर आला. डोळे चोळून त्यानं आत पाहिलं. प्रतिभाचा हात पूजेच्या बाबतीत पहिल्यापासून सढळ. खाच उघडी होती, आणि पट्ट्यांच्या मधोमध कुंकवात भिजलेले तांदूळ दाटीवाटीनं बसले होते.

तेवढ्यात मोतीराम दारात आला. खांद्यावर रिकामं पोतं, हातात वजनाचा काटा. गेमकडे बोट करून त्यानं विचारलं, “हे चालू हाय का बंद, वहिनी?”

प्रतिभानं गोरक्षकडे पाहिलं. गोरक्षकडे उत्तर तयार होतं: पहाटे चालू होतं, तुझ्या अक्षतांनी बंद पाडलं. पण सणाच्या दिवशी हे वाक्य सुरू केलं तर ते कुठपर्यंत जाईल, हे त्याला अठरा वर्षांच्या अनुभवानं दिसत होतं. शिवाय तिनं आज पहिल्यांदाच त्या डब्याला मान दिला होता. तो मान परत करायचं त्याच्या जिवावर आलं.

“बंद आहे,” तो म्हणाला.

मोतीराम पुढे झाला. प्रतिभा मात्र नवऱ्याच्या लाल नाकाकडे बघत होती. मग तिनं खाचेत डोकावून पाहिलं आणि तिचा चेहरा हळूहळू उतरला.

“हात लावू नको,” ती मोतीरामला म्हणाली. “पूजेतलं आहे ते.”

“पण साहेब तर बंद हाय म्हनले.”

“असू दे बंद. तुझा काटा तरी आज कुठं चालू आहे?”

मोतीरामनं हातातल्या काट्याकडे पाहिलं. त्यालाही हळदकुंकू होतं. वजन तो दसऱ्यानंतरच करणार होता. त्याला तिचं पटलं. त्यानं पाटाला नमस्कार केला, पेढा घेतला आणि रिकामं पोतं घेऊन गेला.

प्रतिभानं अंबाड्यातला आकडा काढला, गेम मांडीवर घेतला आणि एकेक दाणा उकरायला लागली. आता कुठे गोरक्षला नियम आठवला. पूजेतलं हत्यार आज चालवायचं नसतं ना, असं त्यानं भीत भीत विचारलं. चालवतंय कोण, मी अक्षता काढतेय, असं उत्तर आलं.

“किती टाकल्या होत्यास गं?”

“अठरा वर्षांच्या एकदम.”

निघालेले दाणे केरात टाकवेनात, म्हणून ते तिनं समोर वाकून बसलेल्या गोरक्षच्या डोक्यावर टाकले. तो लाल नाकानं तसाच बसून राहिला. तिनं खाचेत एक हलकी फुंकर मारली, गेम पाटावर ठेवला आणि फूल पुन्हा त्याच्यावर नीट बसवलं.

“उद्या दसऱ्याला लावू,” ती म्हणाली. “पण गेमच्या दोन रिमोटांतला पहिला माझ्याकडे. थांबवायचं बटण त्यालाच आहे.”