लाल पंजा

ठमाबाईच्या थोरल्या मुलीचं, सगुणेचं लग्न होऊन ती कल्याणला नांदायला गेली, ते १८८९ साल. लक्ष ठेवायला घरात कोणी उरलं नाही, म्हणून त्याच वर्षी ठमाबाईने धाकट्या मुलीला, तुळसाला ओटीच्या खांबाला बांधून ठेवायला सुरुवात केली.

तुळसा जन्माची बहिरी. डोंबिवलीजवळच्या त्यांच्या गावाची घरं रुळांच्या अलीकडे, मिठागरं पलीकडे. शेजारचा नाथाही बहिराच होता. त्याला गाडीची शिट्टी ऐकू आली नाही. त्याचं जे उरलं ते गोधडीत बांधून आणलं, तेव्हा ठमाबाई तिथेच उभी होती.

तिचा मुलगा विश्राम मुंबईत शिळाछापखान्यात देवादिकांची चित्रं काढायचा. सुट्टीवर आला आणि बहिणीच्या कमरेचा दोर बघून ताटावरून उठला.

"सोड तिला, आये. मी शिकवतो."

"काय शिकवशील? कावले हाकायला?"

"चित्रं. कान नसले तरी डोळे आहेत ना तिला?"

"येरा झालास तू. डोकं फिरलंय तुझं."

गावात आणखी एक बहिरा होता, गोविंदा. दोघांना ओटीवर बसवून विश्राम कोळशाने चित्रं काढी. मडकं म्हणजे पाणी आण. मासा म्हणजे बाजार. गोविंदा दोन दिवसांत कंटाळून पळाला. तुळसा पटापट शिकली.

'थांब' मात्र कसं काढावं ते विश्रामला सुचेना. आडवी रेघ काढली, तुळसा ती ओलांडून गेली. डोळे वटारलेला माणूस काढला, ती पोट धरून हसली. शेवटी, फाटकवाला बैलगाड्या अडवायला हात उभा करतो, तसा उघडा पंजा त्याने फळीवर रंगवला. लांबून दिसावा म्हणून लालभडक.

तुळसा त्या फळीसमोर जागच्या जागी थांबली.

मग फळी रुळांच्या अलीकडे रोवली. विश्रामने तुळसाला एकटीला पुढे धाडलं आणि आईला घेऊन लांब बाभळीखाली उभा राहिला. तिथून तिची पाठ तेवढी दिसत होती. ती फळीपाशी थांबली. मान खाली घातली. गाडी धडधडत निघून गेली. मग मान वर करून ती रूळ ओलांडून गेली.

"बघितलंस, आये?"

ठमाबाईने पदर तोंडाला लावला. "माझी पोर शाणी झाली रं!"

विश्राम मुंबईला परतला. तुळसा मिठागरावर जाऊ लागली. तिथल्या बाया खुणा करून तिला चिडवत, "आली बघा मुकादमीण!" ती त्यांना जीभ काढून दाखवी.

एकदा ती भाकर घरी विसरली. ठमाबाई बांधावरच्या आडवाटेने धावत निघाली. लांबूनच, पण या खेपेला तिला तुळसा बाजूने दिसली. फळीवरच्या पंजाला तिने बोटाने कुंकू लावलं, फूल वाहिलं, डोळे मिटून हात जोडले. मग चित्रातल्या देवाने हात वर करून भिऊ नको म्हणून सांगावं, तशी इकडेतिकडे न बघता ती हसत रुळांवर चढली. गाडी शिट्टी देत येत होती. ठमाबाई हाका मारत राहिली. तुळसा १८९० च्या फाल्गुनात, शुद्ध एकादशीला सकाळी वारली.