डुकराची रजा

“आई, या अल्बममध्ये डुकराचा फोटो कसा नाही गं?” रालित्सानं पानं उलटत विचारलं. उद्या तिच्या वडिलांची, स्तामेनची, पंचाहत्तरी. भिंतीवर त्यांचे फौजेतले फोटो लावायचे होते.

“काढलाच नाही म्हणे,” ज़्लात्का म्हणाली. “त्या डुकराच्या पुण्याईनं माझं लग्न झालं बाई! नाहीतर मला कोण विचारत होतं?”

ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. सक्तीच्या फौजी नोकरीत स्तामेन तुर्की सीमेवर पहाऱ्याला होता. एका रात्री त्यानं जंगलात भलंमोठं रानडुक्कर मारलं. साहेब खूश झाले, बक्षीस म्हणून रजा मिळाली. घरी आला तेव्हा शेजारच्या गावात द्राक्षतोडणीचा नाच चालला होता. तिथं एक मुलगी रडत उभी होती. यानं तिचा हात धरला आणि फेरात ओढलं.

ज़्लात्का रडत होती भावासाठी. त्या राजवटीत देश सोडायला बंदी होती, तरी ल्युबेन आठवड्यापूर्वीच चोरून पळाला होता. फक्त तिलाच सांगून, तिनं विणलेला काळा स्वेटर घालून. लोकर संपल्यामुळं त्याची एक बाही पांढरी होती. “पोचलो की पत्र टाकतो,” म्हणाला होता.

पत्र कधी आलं नाही. नाताळच्या आदल्या रात्री ती अजून त्याचं ताट मांडते. “मेला तिकडं मजेत असेल, बहिणीला विसरला,” असं दरवर्षी म्हणते आणि दरवर्षी दाराकडं बघते. स्तामेन त्या ताटाकडं पाठ करून जेवतो.

“अल्बम जपून हाताळा गं!” अंगणातून स्तामेन ओरडला. तो हिवाळ्यासाठी मिरच्या भाजत होता.

“तुम्ही मिरच्या जाळू नका म्हणजे झालं!” ज़्लात्कानं उत्तर दिलं.

पहाऱ्याच्या कुत्र्याबरोबरचा स्तामेनचा फोटो सोडवायला रालित्सानं त्यावर ओलं फडकं ठेवलं होतं. कड सुटली. “आई, याच्याखाली आणखी एक फोटो चिकटवलाय.”

“काढ, काढ! डुक्कर निघालं असेल पिल्लाएवढं, म्हणून लाजून दडवलंन.” हसत हसत ज़्लात्कानं चष्मा चढवला आणि फोटो हातात घेतला.

साहेब तरुण स्तामेनशी हात मिळवत होते. दोघंही हसत होते. त्यांच्या पायाशी गवतात एक माणूस पालथा पडला होता, आणि त्याच्या काळ्या स्वेटरची एक बाही पांढरी होती.