एक जानेवारी

"साधना टेकाम. जन्म एक जानेवारी. वय एकोणीस." हवालदार मारोतरावांनी कार्ड मोठ्यानं वाचलं आणि टेबलावरून पंचफुलाकडे परत सरकवलं. "एकोणीसची पोरगी आपल्या मर्जीनं कुठंबी जाऊ शकते, बाई. कायदाच तसा आहे."

"पंधराची हाय, साहेब," पंचफुला म्हणाली. सकाळपासून हे ती चौथ्यांदा सांगत होती.

साधनाला जाऊन आज तिसरा दिवस. अमर मुकादम तिला दिग्रसच्या कापसाच्या जिनिंगात काम देतो म्हणून गाडीत बसवून घेऊन गेला, आणि दिग्रसला ती पोचलीच नाही. काल दुपारी शेजारणीच्या फोनवर अनोळखी नंबर वाजला. "माय, मले घेऊन जाय वं," एवढंच पोरगी बोलली आणि कुणीतरी फोन हिसकावला. मागं माणसं तेलुगूत बोलत होती. शेजारणीनं तो नंबर पंचफुलाच्या तळहातावर पेनानं लिहून दिला. घामानं आकडे पुसतील म्हणून कालपासून तिनं मूठ वळली नव्हती.

आताही तिनं तो हात पुढं केला. "हा नंबर कुठला, तेवढं तं पाहा."

"त्याले गुन्हा दाखल लागते. पोरगी अठराच्या आत असती तं अपहरण लागलं असतं, आत्ताच्या आत्ता गाडी काढली असती मी. आता नुसती हरवल्याची नोंद होते. नंबर मंग सवडीनं."

मारोतराव काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला बसायला बाक दिला होता, चहा पाजला होता. पण कार्डावर छापलेलं वय त्यांना दिसत होतं आणि समोरच्या बाईचं तोंड दिसत नव्हतं.

वय त्या कार्डावर कसं आलं, ते पंचफुलाला चांगलं ठाऊक होतं. गेल्या वर्षी तिच्या पोडावर, कोलामांच्या त्या लहानशा वस्तीवर, सरकारी शिबिर लागलं. एका दिवसात अख्ख्या वस्तीला कार्डं. जन्मतारीख कुणाला ठाऊक? शिबिरातल्या साहेबानं तोंडाकडे पाहायचं, वय विचारायचं नाहीतर आपणच ठरवायचं, आणि तारीख सगळ्यांना एकच द्यायची. म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट सगळं पोड एक जानेवारीला जन्मलं. अमर मुकादम रांगेच्या कडेला उभा होता. पोरींच्या आयांना हळूच सांगत होता, अठरा सांगा, अठराच्या खाली जिनिंगवाले दारात उभं करत नाहीत. पंचफुलानं अठरा सांगितलं. तेव्हाच आपली जीभ झडली असती तर बरं झालं असतं, असं तिला आता वाटत होतं.

"लबाडी म्या केली, साहेब. मले आत टाका. पन पोरगी पंधराचीच हाय."

"जन्माचा दाखला आहे?"

"घरीच झाली."

"शाळेचा?"

"शाळा बंद केली नं सरकारनं, पोरं कमी म्हून. कागद कुठं गेले, कोनाले मालूम?" मग तिला एकदम आठवलं. "पोडावर हातपंप बसला त्या उन्हाळ्यात झाली ती. ओट्यावर साल कोरून हाय. ग्रामपंचायतीनंच कोरलं. पाहा तं चालून."

"हातपंप ठाण्यात आणता येते काय, बाई?"

मारोतरावांनी सुस्कारा सोडला आणि हरवल्याच्या नोंदीचा कागद पुढ्यात ओढला. काहीतरी लिहिल्याशिवाय ही उठायची नाही, हे त्यांना कळलं होतं. "आण, तुझं कार्ड दे."

तिचं कार्डही त्याच शिबिरातलं. चण बारीक, अंगावर मांस नाही. साहेबानं एकदा तिच्याकडे पाहिलं होतं आणि मनानंच वय टाकून दिलं होतं. मारोतराव एकेक रकाना भरत गेले. तक्रार देणार, पंचफुला टेकाम. जन्म एक जानेवारी. वय अठ्ठावीस. हरवलेल्या व्यक्तीशी नातं, आई.

पेन थांबलं. त्यांनी बोटांवर हिशेब केला, मग पुन्हा केला.

"नवव्या वर्षी पोरगी झाली काय तुले?"

पंचफुलाच्या जिवात जीव आला. तीन दिवसांत पहिल्यांदाच कुणाला तरी काहीतरी दिसलं होतं. "तेच तं सांगून राह्यली मी कवाची. कार्डं खोटी हायत, साहेब. दोनी खोटी हायत."

मारोतराव बराच वेळ दोन्ही कार्डांकडे पाहत बसले. एकदा त्यांनी टेबलावरच्या फोनकडेही पाहिलं. मग मान हलवली.

"कार्ड कसं खोटं असंल? ऑनलाइन आहे ते. असा कागद वर गेला तं मोठे साहेब माह्याच तोंडावर फेकतील."

त्यांनी 'आई' हा शब्द खोडला. वर बारीक अक्षरात लिहिलं आणि लिहिता लिहिता वाचलं, "मोठी बहीण." कागद लांब धरून पाहिला. "आता बसलं बरोबर. नऊ वर्षांचं अंतर. कोनी काही विचारत नाही." आणि त्यांनी शाईचं पॅड तिच्यासमोर ठेवलं.

पंचफुला त्या खोडलेल्या शब्दाकडे पाहत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, पण रेघ कशावर पडली ते कळलं होतं. तिनं आकडे लिहिलेला हात जपून मांडीवर उताणा ठेवला, दुसऱ्या हाताचा अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर दाबला.

"काहीबी लिवा, साहेब," ती म्हणाली. "मी तिची कोन, ते तीच सांगन तुमाले. फक्त सांगाले उरली पायजे."