तिसरी रांग

बॅग खुर्चीखाली मावेना. धाकट्या भावाने ती पायाने रेटून पाहिली, शेवटी मांडीवर घेतली आणि गाडीची वाट बघत असल्यासारखा ताठ बसून राहिला. तो वजनमापं तपासणारा सरकारी निरीक्षक होता. स्वतःच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा त्याने दुकानदाराकडे बघावं तसं बघितलं होतं. बॅगेत टॉवेल, थर्मास, दोन गाऊन आणि तपासण्यांची जाड फाईल होती. सहाच्या आत दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. आत्ता चार वाजले होते आणि ताईसाहेब टायरच्या दुकानावरच्या या छोट्या नाटकाच्या खोलीत, तिसऱ्या रांगेत, आपल्या ठरलेल्या खुर्चीवर बसल्या होत्या.

"कमाल आहे तुझी, ताई. माणसं अशा वेळी घरात बसतात."

"बसू देत," ती म्हणाली. तीन महिन्यांपासून आवाज बसला होता. आता नुसती खरखर उरली होती, आणि उद्या सकाळी तीही जाणार होती. स्वरयंत्रच काढणार होते.

"घाबरू नका, मी अशी पाचशे केलीत," असं डॉक्टर भावाला म्हणाले होते. पुढे लिहून बोलता येईल, सराव केला तर चार शब्द उच्चारताही येतील, असंही म्हणाले. "आणि हसणं?" तिने विचारलं तेव्हा ते चष्मा पुसायला लागले. काच स्वच्छच होती. चष्म्याच्या दुकानात पंधरा वर्षं काढलेल्या बाईला तेवढं कळतं.

तिला बाकी काही नको होतं. एकदाच पोटातून, मोठ्याने हसायचं होतं, आणि ते इथेच. दहा वर्षं दर रविवारी ती या खोलीत येत होती. कधी पाच माणसांचं संगीत नाटक असायचं, ज्यात पियानोवाला मध्येच उठून राजा व्हायचा. ते तिने अकरा वेळा पाहिलं होतं. कधी एकट्या विनोदवाल्याचा कार्यक्रम असायचा. आज तो होता. नवे विनोद तो आधी इथे करून बघायचा. तिचं नाव त्याला ठाऊक नव्हतं, तो तिला 'तिसरी रांग' म्हणायचा. एकदा जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला होता, "तुम्ही खोटं हसत नाही. तुम्ही हसला नाहीत की मी तो विनोद वहीतून खोडतो."

तिचं हसूही साधंसुधं नव्हतं. स्कूटरला दोन-तीन किका माराव्यात, तिने नुसतंच घरघरावं आणि मग एकदम सुरू व्हावं, तसं ते यायचं. एकदा सुरू झालं की अख्खी खोली हसत सुटायची.

खोलीतले दिवे मालवले. विनोदवाला आला, डोळ्यांवरच्या झोतात डोळे बारीक करत त्याने नेहमीचा प्रश्न विचारला, "तिसरी रांग आहे का?"

तिने हात वर केला. अंधारात कुणाला दिसतोय. 'आहे' म्हणायला गेली तर नुसती हवा निघाली.

"आज नाहीत वाटतं. मग माझं काही खरं नाही," तो म्हणाला, आणि बोलल्याप्रमाणे झालं. पहिला विनोद पडला. दुसऱ्याला कुणीतरी खोकलं. तिसऱ्यात तो स्वतःच अडखळला आणि वहीत बघायला लागला.

ती खुर्चीच्या कडेवर सरकली. हसव रे बाबा, काहीही कर, पण हसव. मग तिने दहा वर्षांत केलं नव्हतं ते केलं. खोटं तर खोटं, म्हणून पोट आवळून जोर लावला. गळ्यात कळ आली आणि तोंडातून वारा गेला. तिला दरदरून घाम फुटला. रडू येत होतं, हवं तेवढं येत होतं. रडायला ती आली नव्हती.

"पाच वाजले, ताई. निघू या," भाऊ उठलाच. तिने त्याच्या शर्टाला धरून त्याला खाली बसवलं आणि एक बोट वर केलं. एक. एकच.

विनोदवाल्याने वही मिटली. "माझ्या बापाचं ऑपरेशन होतं," तो म्हणाला, थकलेल्या माणसासारखा. "डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, मी अशी पाचशे केलीत. बाप म्हणाला, बरं झालं. माझं पहिलंच आहे, दोघांपैकी एकाला तरी सवय हवी."

खोली गप्पच राहिली. मग तिसऱ्या रांगेत काहीतरी घरघरलं. थांबलं. पुन्हा घरघरलं, आणि एकदम सुरू झालं.

ती दचकून वळली. भाऊ मांडीवरच्या बॅगेवर पालथा पडून हसत होता. लहानपणी हसायचा तो; पुढे आवाज फुटला, नोकरी लागली आणि हसणं कुठेतरी राहूनच गेलं. तिला वाटायचं, हे हसू आपलं एकटीचंच आहे.

"आलात!" विनोदवाला ओरडला. "अहो, होतात कुठे इतका वेळ? मी मघापासून हाका मारतोय!"

आता सगळी खोली हसायला लागली. भावाने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "सॉरी, ताई," तो बोटांतून कसाबसा म्हणाला. "सॉरी गं. मला खरंच..."

तिने त्याचे हात तोंडावरून ओढून काढले आणि कार्यक्रम संपेपर्यंत सोडले नाहीत.