इतर, रोज आठ तास

“हे ‘इतर’ म्हणजे नेमकं काय?” दुकानदार बजरंगने कागदावर बोट ठेवून विचारलं.

श्यामसुंदर छताच्या पंख्याकडे बघू लागले. बॅटरीच्या शोधात कर्वेनगरातलं सोलरच्या सामानाचं हे त्यांनी गाठलेलं तिसरं दुकान. आधीच्या दोन्ही ठिकाणी लिथियमच्या बॅटऱ्या परवडत नव्हत्या, असं त्यांचं म्हणणं. कसलं परवडणं अन् कसलं काय. तिथेही दुकानदाराने हेच विचारलं होतं आणि हे उठून चालते झाले होते. शेजारच्या स्टुलावर बसलेल्या त्यांच्या बायकोला, आनंदीबाईंना, ते पक्कं ठाऊक होतं.

कागद मात्र बघण्यासारखा होता. पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं काढलेला माणूस, तेव्हा रेघा पट्टीने मारलेल्या. दिवे, किती वॅट, किती तास. पंखा, किती वॅट, किती तास. मग मोबाइल. आणि सगळ्यात खाली, जरा बारीक अक्षरात, इतर, पन्नास वॅट, रोज आठ तास.

हे ‘इतर’ म्हणजे श्वासाचं मशीन. झोपेत तुमचा श्वास अडतो, तासाला वीस-वीस वेळा अडतो, तेव्हा रात्री हे लावल्याशिवाय झोपायचं नाही, असं डॉक्टरांनी वर्षापूर्वी बजावलं होतं. तेव्हापासून श्यामसुंदर नाकावर मास्क आणि मास्कला नळी अशा थाटात झोपत. डॉक्टर आणि आनंदीबाई सोडल्या तर हे कुणालाही माहीत नव्हतं. दर रविवारी सिंहगड चढणारा आणि सोसायटीतल्या तरण्या पोरांना पोटावरून बोलणारा माणूस हे सांगणार तरी कुणाला?

आणि जावयाला तर मुळीच नाही. त्याला कारण दिवाळसण. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला लेक अवनी आणि दिग्विजय कोल्हापूरहून आले होते. फराळाला सगळं गणगोत जमलेलं. श्यामसुंदरांनी चकलीचा तुकडा मोडत जावयाला विचारलं, काल रात्री आमच्या घरात लाकडं कोण कापत होतं? घर हसून हसून लोळलं. बिचारा दिग्विजय कानापर्यंत लाल झाला आणि दुसऱ्या रात्री उशी घेऊन गच्चीत जाऊन झोपला. श्यामसुंदरांनी तो घोरण्याचा किस्सा पुढे दोन वर्षं दिसेल त्याला ऐकवला.

आता त्याच जावयाच्या घरी नळी लावून झोपायचं? छे. त्यापेक्षा श्यामसुंदरांनी एक जुनी व्हॅन घेतली, आत पलंग ठोकला, टपावर सोलरचं पॅनेल बसवलं. निवृत्तीनंतर हिंडायची हौस, असं सगळ्यांना सांगितलं. बेत असा की कोल्हापूरला जायचं, लेकीकडे जेवायचं आणि झोपायला खाली पार्किंगमधल्या व्हॅनमध्ये उतरायचं. राहिली होती फक्त बॅटरी.

आनंदीबाईंना व्हॅनचं काही कौतुक नव्हतं. नात चालायला लागली होती आणि ते त्यांनी फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं. एक रात्र तिला कुशीत घेऊन झोपावं, एवढंच त्यांचं मागणं. तू एकटी जाऊन ये की, असं श्यामसुंदर उदारपणे सांगत. पण त्या शेजारी नसल्या की हे झोपेत मास्क ओढून फेकून देत, मग जाणार कशा?

“इतर म्हणजे किरकोळ हो,” श्यामसुंदर म्हणाले.

बजरंगने मान डोलावली आणि कॅल्क्युलेटर पुढे ओढला. ‘इतर’ धरलं तर शंभर अँपिअर-तासांची बॅटरी लागेल, किरकोळ म्हणून सोडलं तर पन्नासची पुरेल आणि ती जवळजवळ निम्म्या किमतीत येईल, असं त्याने सांगितलं. मात्र पन्नासच्या बॅटरीवर ते आठ तास चालवलं, तर ढगाळ दिवशी पहाटे तीनच्या सुमारास सगळंच बंद पडेल.

“मध्येच बंद पडलं तर चालणार आहे का?” त्याने विचारलं.

“चालेल,” श्यामसुंदर म्हणाले.

मशीन लागलं नव्हतं तेव्हाच्या रात्री आनंदीबाईंना आठवल्या. शेजारचा श्वास थांबला की त्या अंधारात आकडे मोजत बसायच्या. माणसाने लाजेपायी इतकं जिवावर उदार व्हावं, याचा त्यांना राग आला आणि रडूही आलं. पण चारचौघांत नवऱ्याचं नाक कापायचं त्यांच्या जिवावर आलं.

“नाही चालणार,” त्या बजरंगला म्हणाल्या. “श्वासाचं मशीन आहे ते. माझं आहे. घोरते मी.”

दुकानात गीझर बघायला आलेल्या बाईंनी वळून पाहिलं. आनंदीबाईंचा चेहरा लालबुंद झाला होता. ज्या बाईने आयुष्यात भाजीवाल्याशीदेखील खोटं बोलून भाव पाडला नव्हता, ती आज भर दुकानात आपल्यासाठी खोटं बोलली, हे श्यामसुंदरांना फार लागलं. आपण किती फालतू माणूस आहोत असं त्यांना मनापासून वाटलं.

“ती खोटं बोलतेय,” ते म्हणाले. “घोरतो मी. मशीन माझं आहे.”

झालं काहीच नाही. गीझरवाल्या बाईंनी पुन्हा गीझरची किंमत विचारली. “मग शंभरचीच घ्या,” असं म्हणून बजरंग मागच्या खोलीत बॅटरी आणायला निघाला. कुणी हसलं नाही. एवढ्यासाठी आपण वर्षभर घराबाहेर झोपलो नाही, व्हॅन घेतली, पलंग ठोकला, हे लक्षात येऊन श्यामसुंदर जरा खट्टूच झाले.

त्यांनी बजरंगला थांबायला सांगितलं आणि खिशातून फोन काढला. आनंदीबाई बघतच राहिल्या. पलीकडून जावयाचा आवाज आला तसा श्यामसुंदरांनी घसा साफ केला.

“दिग्विजयराव, तुमच्या पाहुण्यांच्या खोलीत पलंगाशेजारी प्लग आहे का हो?”