हातांचं म्हणणं

“त्याला फाशीच व्हायला हवी. मी मागते आहे,” दुभाषी म्हणाली.

शब्द तिचे नव्हते. शेजारी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या बाईच्या हातांचे होते. बाई शिवणकाम करायची. जन्मापासून तिला ना ऐकू येत होतं, ना बोलता. तिचे हात बोलतील ते दुभाषीने तोंडाने बोलायचं, आणि बोलायचं तेही ‘मी’ म्हणूनच. कामाचा नियमच तसा. ‘त्या म्हणतात’ अशी पळवाट नव्हती. आणि सकाळीच चहा ओतताना तिने नवऱ्याला ठणकावलं होतं, “जीव घ्यायचा हक्क कुणालाच नाही. कोर्टालाही नाही.”

“मग आज कोर्टात काय, मौनव्रत?” नवरा हसला होता.

गुन्हा शाबीत झाला होता. पंखा दुरुस्त करायला आलेल्या माणसाने बाईच्या नऊ वर्षांच्या लेकीला आतल्या खोलीत ठार मारलं होतं. बाहेरच्या खोलीत बाई मशीनवर बसून त्याच लेकीचा फ्रॉक शिवत होती. आज एवढंच ठरायचं होतं: जन्मठेप की फाशी.

आरोपीचा वकील उठला. “साहेब, क्षणाचा राग. पोर काहीतरी टाकून बोलली, याचं डोकं फिरलं. आधी मनातसुद्धा नव्हतं.” मग तो दुभाषीकडे वळला. “आणि ताई, एवढा ठसका त्यांच्या हातांत आहे, की तुमच्या जिभेत?”

दुभाषीने तो टोमणाही इमानाने हातांवर उतरवला.

न्यायाधीश मऊ आवाजात म्हणाले, “बाई, तो मेल्याने लेक परत येणार आहे का?”

बाईने गालाला बोट लावलं. लेकीचं नाव त्या घरात असंच घेत. तिच्या गालावर खळी पडायची. मग हात हलू लागले, झोपल्या लेकराला थोपटावं तसे, हळूहळू.

“नाही येणार. राग मला ठाऊक आहे, साहेब. मीही तिला चापट मारली आहे, आणि मग रात्रभर तिच्या उशाशी बसले आहे. रागाने घडलं असतं तर जन्मठेप ऐकून मी मुकाट घरी गेले असते. पण हा रागावलेला नव्हता.”

“कशावरून?” वकील ताडकन म्हणाला.

“माझ्या मशीनसमोर खिडकी आहे. तिच्या काचेत तो मला दिसला. माझ्या पाठीशी येऊन उभा होता. मला वाटलं, हातांची धूळ झटकतोय. पुढे कळलं, धूळ झटकायला कुणी दुसऱ्याच्या कानाशी हात नेत नाही.”

बाई पिंजऱ्यातून खाली उतरली. कुणाला काही समजायच्या आत दुभाषीच्या मागे गेली, आणि तिच्या कानाशी तिने खाडकन टाळी वाजवली.

दुभाषी दचकून गर्रकन वळली. खोलीतली सगळी डोकी वळली. आरोपीने मात्र मान खाली घातली.

बाईचे हात पुन्हा हलले. दोनच खुणा. दुभाषीने त्या पाहिल्या, आणि ती न्यायाधीशांकडे तोंड करून उभी राहिली.

“मी वळले नाही,” ती म्हणाली, “म्हणून तो आत गेला.”