अण्णांचे बूट

पलंगापासून खिडकीपर्यंत अकरा पावलं. भिंतीला धरून का होईना, पण अण्णांनी ती आज एकट्याने टाकली. सात महिन्यांनी. व्यायाम घ्यायला येणारी बाई म्हणालीच होती, "खिडकी गाठलीत की दुसऱ्या दिवशी बूट घालून फाटकापर्यंत." चाळीस वर्षं दारोदार पत्रं वाटलेला माणूस तो. फाटक म्हणताच त्यांचे तळपाय शिवशिवले.

खिडकीखाली सून शेजारणीला बाग दाखवत होती. सुनेच्या हाताला गुण होता, यात वादच नाही. घरात महिनाभर न वापरलेली वस्तू दिसली की तिच्या तळाला ड्रिलने भोकं पाडायची, वाळू-माती भरायची आणि जाड पानांची सक्युलंट लावायची. अण्णांचा थर्मास असाच गेला, मग टोपी गेली. पत्रांची पिशवी कुंपणाला टांगली होती आणि तिच्या कप्प्याकप्प्यातून हिरवे गड्डे डोकावत होते.

"पाणी किती घालतेस गं?" शेजारणीने विचारलं.

"पंधरा दिवसांतून दोन चमचे. भारी चिवट असतात हो. पान गळालं तरी पडल्या जागी मूळ धरतं."

"आणि या बुटांत?"

"ते काल संध्याकाळीच लावले."

अण्णांनी वाकून पाहिलं. पायरीवर त्यांचे काळे बूट शेजारी शेजारी ठेवले होते, टोकं फाटकाकडे. नाडीच्या भोकांतून बारीक गुलाबी मुळं बाहेर येऊन पायरीच्या फटीत शिरली होती. एका रात्रीत.

"अगं, माझे बूट," अण्णा म्हणाले. "लागणार आहेत मला. बघ, मी उभा आहे."

शेजारीण ओशाळली आणि काहीतरी निमित्त काढून निघून गेली. सून हसली. छान हसली.

"आले हं, अण्णा."

ती आत आली, हात मातीने भरलेले. रागावली नाही. तिने त्यांना दंडाला धरून खुर्चीत बसवलं आणि खुर्ची हलकेच उन्हाकडे वळवली.

"व्यायामवाल्या बाईंना उद्यापासून नको म्हणून सांगितलंय," ती म्हणाली. "उगाच तुमची ओढाताण."

अण्णांना भीती वाटली. वाटायला कारण काहीच नव्हतं. जेवण वेळेवर, औषध वेळेवर, सात महिन्यांत तिचा आवाज एकदाही चढला नव्हता. तरी वाटली. त्यांनी उठायचा प्रयत्न केला. खांद्यावर तिचा हात होता, जड नव्हता, नुसता होता.

"ओंजळ करा बघू."

मोठ्या माणसाने सांगितल्यावर लहान मूल करतं तशी त्यांनी ओंजळ केली. तिने एप्रनच्या खिशातून दोन मुठी माती काढून त्यात घातली, वर एक इवलंसं रोप टेकवलं, अंगठ्याने कडेकडेने दाबलं. मग दोन पावलं मागे जाऊन मान तिरकी करून पाहिलं.

सगळं टाकून द्यावं, असं अण्णांच्या मनात आलं. तेवढ्यात बोटांच्या बेचक्यातून काहीतरी बारीक, गार सरकलं आणि मनगटापाशी येऊन थांबलं.

"बोटं जरा सैल ठेवा, अण्णा," सून मायेने म्हणाली. "खालून पाणी निघायला वाट हवी."